थांबायची अट

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या वर्गमित्राचा मुलगा घरी आला. वय चौतीस, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी. फराळ झाल्यावर त्यानं पिशवीतून एक कागद काढला. ‘‘काका, मार्चमध्ये यावर तुमची सही लागेल. सोबत ईसीजीही जोडायचाय.’’

कागद होता मोरोक्कोतल्या ‘मॅरेथॉन दे साब्ल’ या शर्यतीचा. नावाचा अर्थ ‘वाळूची मॅरेथॉन’. सहारा वाळवंटात सुमारे २५० किलोमीटर, सहा टप्प्यांत. आपल्याकडच्या हिशेबानं सांगायचं तर साधारण आळंदी ते पंढरपूर. वारकरी ते अंतर अठरा-वीस दिवसांत चालतात. इथं आठवडाभरात संपवायचं, आणि त्यातला एक टप्पा एकट्यानंच ८० किलोमीटरच्या पुढचा. खाणं, झोपायची पिशवी, औषधं, सगळं स्वतःच्या पाठीवर. पाठीवरचं ओझं किमान साडेसहा किलो, जास्तीत जास्त पंधरा. दिवसाला किमान २००० कॅलरीचं अन्न जवळ असलंच पाहिजे, असा नियम. संयोजक देतात ते पाणी आणि रात्रीचा तंबू. सगळ्यात मागून उंट चालत असतात. उंटांनी गाठलं, की तुमची शर्यत संपली.

पात्रिक बाऊअर नावाचा फ्रेंच तरुण १९८४ मध्ये सहारात ३५० किलोमीटर एकटा चालला. त्यातून ही कल्पना निघाली आणि १९८६ मध्ये २३ जणांनिशी पहिली शर्यत झाली. आज जगभरातून शेकडो लोक येतात आणि त्यातले बरेच जण एखाद्या सेवाकार्यासाठी पैसे उभे करायला धावतात.

हाही त्यासाठीच धावणार होता. त्याच्या धाकट्या बहिणीला सिकलसेल आहे. ती लहान असल्यापासून माझी रुग्ण आहे. आमच्या विदर्भात या आजाराची मुलं गावोगाव आहेत. रक्त चढवायला आणि तपासणीला तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याला यायचं म्हणजे मुलाचं आणि सोबतच्या माणसाचं एसटीचं भाडं, वर एका दिवसाची बुडालेली मजुरी. सरकारी रुग्णालयात औषध फुकट मिळतं. पण तिथवर पोचणं फुकट नसतं. ओळखीच्या एका छोट्या गटामार्फत त्याला ही सोय करायची होती. प्रवेश शुल्क, विमान, बूट हा सगळा खर्च त्याच्या स्वतःच्या बचतीतून आणि लोकांनी दिलेला पै न् पै मुलांसाठी, हे त्यानं आधीच ठरवलं होतं. मला ते आवडलं.

मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘‘तुझी सिकलसेलची तपासणी कधी झाली?’’

तो म्हणाला, ‘‘मला काही त्रासच नाही, काका.’’

निरोगी भावाचं रक्त

सिकलसेल होण्यासाठी दोष आई आणि वडील, दोघांकडून यावा लागतो. बहिणीला आजार आहे, म्हणजे दोघंही किमान वाहक. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारात एक. भावाला आजार नाही हे उघड आहे. मग उरल्या तीन शक्यता, त्यातल्या दोन वाहक असण्याच्या. माझ्यासमोर फराळ करत बसलेला हा धडधाकट मुलगा वाहक असण्याची शक्यता तीनात दोन होती. इतकी वर्षं बहिणीवर उपचार केले; पण भावाची तपासणी करून घ्या, असं मीही कधी सांगितलं नव्हतं. चूक माझीच.

तपासणी झाली. तो वाहक निघाला.

वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. त्याच्या लाल पेशींत दोषी हिमोग्लोबिन निम्म्याहून कमी असतं आणि रोजच्या आयुष्यात त्याचा काही त्रास होत नाही. अनेक वाहक उत्तम खेळाडू असतात. प्रश्न येतो तो टोकाच्या परिस्थितीत. अंगातलं पाणी कमी झालं, रक्तात आम्लता वाढली, स्नायूंना प्राणवायू अपुरा पडला आणि वर उष्णता असली, तर काही पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात. मग स्नायूंचा रक्तपुरवठा अडतो आणि स्नायूंच्या पेशी फुटू लागतात. या फुटण्याला आम्ही रॅब्डोमायोलिसिस म्हणतो. अमेरिकी सैन्यातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांचा मृत्युदर इतरांपेक्षा जास्त आढळला नाही. मात्र श्रमामुळे स्नायू फुटण्याचा धोका सुमारे दीडपट होता. अर्थ सरळ आहे. वाहकानं धावू नये असं नाही. पण ऊन, पाणी आणि विश्रांती यांचे नियम त्यानं इतरांपेक्षा कडक पाळायचे.

तो जरा गप्प झाला. मग मोबाइल काढून म्हणाला, ‘‘काका, सर रॅनल्फ फाइन्स २०१५ मध्ये एकाहत्तराव्या वर्षी ही शर्यत धावले. त्यांची तर बायपास झाली होती.’’

खरं आहे. हे ब्रिटिश साहसवीर मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या मेरी क्युरी या संस्थेसाठी धावले आणि त्यांनी लाखो पौंड उभे केले. त्याआधी २००३ मध्ये हृदयविकाराचा झटका आणि बायपास झाल्यावर काही महिन्यांतच त्यांनी डॉ. माइक स्ट्राउड यांच्यासोबत सात दिवसांत सात खंडांवर सात मॅरेथॉन केल्या होत्या. शल्यविशारदांनी अट घातली होती, नाडीचे ठोके १३० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत. फाइन्सनी नंतर सांगितलं, की ठोके मोजायचं यंत्र ते घरीच विसरले! वाचायला मजा येते. पण प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याला घाम फुटतो.

घामाचा हिशेब

तर सहीआधी आम्ही हिशेब मांडला.

धावताना शरीर जी ऊर्जा जाळतं, तिच्यातली साधारण तीन चतुर्थांश उष्णता होऊन बाहेर पडते. साठ किलोचा माणूस ताशी दहा किलोमीटर धावला तर तासाला सुमारे ६०० कॅलरी जाळतो, म्हणजे साडेचारशेच्या आसपास कॅलरींची उष्णता अंगात तयार होते. ती बाहेर टाकायचा वाळवंटात एकच मार्ग उरतो, घाम. हवा त्वचेपेक्षा गरम असली, की वारा अंग थंड करत नाही, उलट तापवतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० कॅलरी उष्णता नेतो. म्हणजे केवळ स्वतःची आग विझवायला तासाला पाऊण लिटरहून जास्त घाम हवा. वरून सूर्य आणि खालून वाळू, त्यांचा हिशेब वेगळाच. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. म्हणून वाळवंटात किंवा चंद्रपुरात ४४ अंशांना जे जमतं, ते मुंबईच्या दमट ३६ अंशांत जड जातं.

‘‘पण आपण विदर्भातले,’’ तो म्हणाला. ‘‘आपल्याला उन्हाची सवय असते.’’

हा समज मी दर उन्हाळ्यात ऐकतो. उन्हाची सवय जन्मानं मिळत नाही. ती कमवावी लागते आणि टिकवावीही लागते. रोज तास-दीड तास उष्णतेत श्रम केले, तर दहा-चौदा दिवसांत शरीर बदलतं. रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यातून मीठ कमी जातं. तेवढ्याच श्रमाला नाडी हळू चालते. पण सराव सोडला, की तीन-चार आठवड्यांत ही कमाई बरीचशी जाते. वातानुकूलित कार्यालयात बारा महिने बसणारा विदर्भाचा मुलगा आणि लंडनचा मुलगा यांत उन्हाच्या दृष्टीनं फारसा फरक नाही. शर्यत एप्रिलमध्ये होती. म्हणून मार्चचे शेवटचे तीन आठवडे त्यानं घरून काम करायचं ठरवलं आणि गावी येऊन रोज दुपारी आधी अर्धा तास, मग तास, मग दीड तास चालायचं, असं आम्ही लिहून काढलं. धावायचं नाही, चालायचं.

खिशात कांदा ठेवायची आज्ञा आजीनं दिली होती. मी म्हटलं, ठेव, ओझं फार नाही. पण खिशातला कांदा ऊन थोपवत नाही. आपल्या शेतकऱ्याला वाचवतो तो डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा, पहाटे पाचला धरलेली पाभर आणि अकराला सोडलेलं काम. १९९४ मध्ये याच शर्यतीत वादळात वाट चुकलेला इटालियन धावपटू माउरो प्रोस्पेरी नऊ-दहा दिवसांनी थेट अल्जेरियात सापडला, जिवंत. त्यानं नंतर जे सांगितलं त्यातलं मला महत्त्वाचं वाटलं ते एवढंच, की तो सकाळ-संध्याकाळ चालत होता आणि दुपारी सावलीत पडून राहत होता.

पाणी आणि गोळ्या

पाण्याबद्दल दोन टोकं आहेत. एक माहितीचं, पाणी कमी पडणं. दुसरं कमी लोकांना ठाऊक असतं, पाणी जास्त होणं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम घसरलेलं आढळलं. मुख्य कारण धावताना गरजेपेक्षा जास्त पाणी पिणं. त्यांतल्या अनेकांचं वजन शर्यतीअखेर वाढलेलं होतं. सोडियम फार उतरलं तर मेंदूला सूज येते. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळणं ही लक्षणं दोन्ही टोकांना सारखीच, आणि उपचार उलटे. त्यामुळे ‘दर वीस मिनिटांनी एक ग्लास’ असले आकडे पाठ करण्यापेक्षा तहान लागेल तसं प्यावं, सोबत मीठ घ्यावं आणि लघवीच्या रंगाकडे लक्ष ठेवावं. फिकट पिवळी ठीक. गडद पिवळी झाली तर सावलीत बसून पाणी. काळ्या चहासारखी दिसली तर थांबायचं, डॉक्टर गाठायचा, चर्चा नको. तो स्नायू फुटल्याचा रंग असू शकतो, आणि फुटलेल्या स्नायूंचं द्रव्य मूत्रपिंडं बंद पाडू शकतं.

त्याच्या सामानाच्या यादीत आयबुप्रोफेनच्या तीन पट्ट्या होत्या. मी तिन्ही काढायला लावल्या. अनेक दिवस चालणाऱ्या अशाच शर्यतींमध्ये एक नीट आखलेला प्रयोग झालेला आहे, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ८० किलोमीटरच्या टप्प्यात ८९ धावपटूंपैकी काहींना दर चार तासांनी आयबुप्रोफेन दिलं, काहींना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी. मूत्रपिंडांना तात्पुरती इजा झाल्याचं प्रमाण आयबुप्रोफेन घेणाऱ्यांत ५२ टक्के निघालं, दुसऱ्या गटात ३४ टक्के. म्हणजे गोळी न घेताही तिघांतल्या एकाची मूत्रपिंडं ताणली जातात. त्यावर आणखी भार कशाला? गुडघे दुखले की मेडिकलमधून गोळी आणून शेतात किंवा मॅरेथॉनला जाणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं.

हजार विटा

एवढं झाल्यावर त्यानं मित्रांना पाठवायचं आवाहन मला वाचायला दिलं. छान लिहिलं होतं. शेवटी होतं : ‘माझ्या प्रत्येक किलोमीटरमागे तुम्हाला जमेल तेवढी रक्कम द्या. मी शर्यत पूर्ण केली तर ती दुप्पट करा.’

लोक अशा आवाहनाला देतात, आणि त्याचं कारण मानसशास्त्रज्ञांनी तपासलेलं आहे. ख्रिस्तोफर ऑलिव्होला आणि एल्दार शफिर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं, की एकाच कामासाठी सहलीला बोलावलं तर माणसं कमी पैसे द्यायला तयार होतात. पाच मैल धावायला लावलं तर जास्त. कष्ट आणि वेदना यांनी दानाला अर्थ येतो. आपल्याला हे कळायला प्रयोगाची गरज नाही. अनवाणी चालण्याचा नवस बोलणाऱ्या आजीला ते ठाऊकच असतं.

पण मला आठवला वीटभट्टीवरचा एक माणूस. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात त्याला आमच्या उष्माघात कक्षात आणलं. ताप ४१ अंशांच्या वर, असंबद्ध बोलणं. ओल्या चादरी, पंखे, काखेत आणि जांघेत बर्फ, जे करायचं ते केलं. मूत्रपिंडं बंद पडली, डायलिसिस करावं लागलं. वाचला. शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, डोकं दुखत होतं तेव्हाच सावलीत का नाही बसलास? तो म्हणाला, ‘‘साहेब, हजार भरायला थोड्याच राहिल्या होत्या.’’ भट्टीवर मजुरी हजार विटांमागे असते.

मी आवाहनाचा कागद परत दिला. म्हटलं, ‘‘तू स्वतःहून हजार विटांचा करार लिहिलायस. शेवटच्या वीस किलोमीटरला पाय उचलेनासे होतील, तेव्हा तू लघवीचा रंग बघणार नाहीस. तुला बहीण दिसेल, एसटीतली मुलं दिसतील आणि ती दुप्पट रक्कम दिसेल. तू थांबणार नाहीस.’’

परोपकारासाठी केलेल्या साहसातला हाच धोका मला सगळ्यात मोठा वाटतो. स्वतःसाठी धावणारा हरला तर एकटा हरतो. दुसऱ्यासाठी धावणाऱ्याला वाटतं, आपण थांबलो तर कुणाच्या तरी तोंडचा घास जाईल. शरीर जेव्हा ओरडून सांगतं तेव्हा नेमका हा चांगुलपणा कान बंद करतो. २०२१ मध्ये करोनामुळे ही शर्यत एप्रिलऐवजी ऑक्टोबरात झाली. पारा पन्नाशीच्या आसपास, त्यात छावणीत पोटाच्या विकारांची साथ. सुमारे निम्म्या लोकांनी शर्यत सोडली. एका फ्रेंच धावपटूचा हृदय बंद पडून मृत्यू झाला. त्या वर्षी ज्यांनी वेळेवर माघार घेतली, त्यांना मी अपयशी म्हणणार नाही.

सहीसाठी माझी एकच अट होती. पैशाचा आणि अंतराचा संबंध तोडायचा. देणाऱ्यानं द्यायचं ते शर्यतीआधी द्यायचं. तो दोनशे किलोमीटर धावो की दोन.

हे त्याला पटवलं ते मी नाही, बहिणीनं. ती तेव्हा शेजारीच बसली होती, मांडीवर नेहमीची पाण्याची बाटली. म्हणाली, ‘‘दादा, मी शाळेत असल्यापासून हेच करते. दुखायला लागायच्या आधी थांबते. तुला एक आठवडा जमणार नाही का?’’ खरंच आहे. उन्हातून यायचं नाही, पाणी तुटू द्यायचं नाही, थंडीत भिजायचं नाही, अंगात कणकण आली की त्याच दिवशी दवाखाना. दुर्लक्ष झालं की हाडं फोडून काढणाऱ्या वेदना आणि रुग्णालयात मुक्काम. ज्या पाणी तुटण्याच्या अवस्थेत तो हौसेनं जाणार होता, तिच्यापासून दूर राहण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलंय. थांबण्याच्या विषयात ती आम्हा दोघांपेक्षा जास्त शिकलेली होती.

आवाहनाचा शेवट त्यानं बदलला : ‘मी पूर्ण धावेनच असं वचन देत नाही. डॉक्टरांनी थांब म्हटलं, की थांबेन. पैसे आधीच द्या.’ मार्चमध्ये ईसीजी, रक्तदाब, मूत्रपिंडांच्या तपासण्या नीट आल्या. कागदावर वाहक असल्याची नोंद ठळक लिहून मी सही केली.

उंटांच्या पुढे

लांब टप्प्याच्या रात्री तो थांबला. दुपारभर उलट्या, मग मांड्यांतलं बळच गेलं. पेटके नाहीत, नुसती अशक्तता; वाहकाच्या बाबतीत हे लक्षण जास्त गंभीरपणे घ्यायचं, हे मी त्याला घोकून घ्यायला लावलं होतं. पाणी आणि मीठ घेऊन दोन तास वैद्यकीय तंबूत पडून राहिला. मग लघवीचा रंग बघितला आणि छातीवरचा क्रमांक स्वतःच काढून दिला. परत आल्यावर मी रक्त तपासलं. स्नायूंचं एन्झाइम तेव्हाही वाढलेलं होतं, मूत्रपिंडं मात्र शाबूत. आठवड्यानं तेही उतरलं.

भेटला तेव्हा म्हणाला, ‘‘काका, उंटांनी नाही गाठलं. मीच थांबलो.’’

जमलेली रक्कम शर्यत सुरू व्हायच्या आधीच पोचली होती. कुणीही परत मागितली नाही.

उन्हाळा येतोय. तुमच्यापैकी फार थोडे सहारात जाल. पण गावच्या मॅरेथॉनला, लग्नाच्या वरातीत, शेतात किंवा बांधकामावर कुणीतरी उन्हात बडबडू लागेल, झोकांड्या खाईल. अंग तापलेलं असेल, घाम येत असेल किंवा नसेलही. तो पाणी पाजायचा क्षण नव्हे. गोंधळलेल्या माणसाला पाजलेलं पाणी श्वासनलिकेत जातं. पॅरासिटामॉलचाही उपयोग नाही. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर गार पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका. आधी गार करायचं, मग हलवायचं.

आणि तुमच्या हाताखाली उन्हात कुणी काम करत असेल, तर त्याची हजार वीट भरायच्या आधी त्याला सावलीत बसवा. मजुरी मात्र कापू नका.